संगोपन दुसऱ्या घरी, नाते जन्मघराशी : बेळगाव-निपाणी सीमाभागाच्या संदर्भात

प्रस्तावना

निपाणीच्या तंबाखू वखारीत रोजंदारी करणारी एक विधवा स्त्री दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळते. उपचारासाठी ती कागलला आपल्या भावाच्या घरी जाते. भावाचे घर एका खोलीचे असल्याने मुलांना तेथे ठेवता येत नाही. चार वर्षांचा मुलगा चुलत्याकडे राहतो आणि नऊ वर्षांच्या मुलीची व्यवस्था बालकल्याण समितीमार्फत बेळगावातील एका कुटुंबात होते. हे उदाहरण कोणा एका विशिष्ट कुटुंबाचे नाही. परंतु सीमाभागात वावरणाऱ्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाही.

या मुलीला बेळगावात पोटभर जेवण, स्वच्छ कपडे आणि शाळा मिळते. सांभाळणारी माणसे प्रेमळ असतात. सहा महिन्यांनी शेजारीपाजारी समाधानाने म्हणतात, "पोरगी आता रुळली. आईची आठवणसुद्धा काढत नाही." हे वाक्य समाधानाचे मानावे की काळजीचे, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

मुलाला नवे घर देणे हे मोठे पुण्यकर्म आहे, याविषयी दुमत नाही. मात्र नवे घर देताना जुने घर त्याच्या मनातून पुसले पाहिजे, ही समजूत धर्माच्या, कायद्याच्या आणि मानसशास्त्राच्या अशा तिन्ही कसोट्यांवर टिकत नाही. मूल दोन घरांचे असू शकते, किंबहुना ते दोन घरांचे राहण्यातच त्याचे हित असते. हे हित प्रत्यक्षात कसे साधावे आणि त्यात महाविद्यालयीन प्राध्यापकांचा वाटा काय, याचा विचार येथे केला आहे.

दत्तक, प्रतिपालकत्व आणि किफालत

या विषयात तीन संज्ञांची नेहमी गल्लत होते. दत्तकविधानात मुलाचे जन्मदात्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते संपते आणि ते नव्या कुटुंबाचे अपत्य होते. प्रतिपालकत्वात, म्हणजे शासकीय कागदपत्रांत ज्याला फॉस्टर केअर म्हटले जाते त्या व्यवस्थेत, मूल दुसऱ्या कुटुंबात राहते. पण त्याचे आई-वडील तेच राहतात आणि परिस्थिती सुधारली की ते त्यांच्याकडे परत जाऊ शकते. इस्लामी परंपरेतील किफालत म्हणजे यतीम अथवा निराधार मुलाच्या संगोपनाची जबाबदारी स्वीकारणे. तीत मुलाचे नाव, वंश आणि वारसा जसाच्या तसा राहतो.

यावरून लक्षात येईल की प्रतिपालकत्व हे दत्तकविधानापेक्षा किफालतीला अधिक जवळचे आहे. या जवळिकीची दखल आंतरराष्ट्रीय पातळीवरही घेतली गेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम २० मध्ये कुटुंबापासून दुरावलेल्या मुलांच्या पर्यायी संगोपनाचे प्रकार सांगताना प्रतिपालकत्वाबरोबर इस्लामी कायद्यातील किफालतीचा नावानिशी उल्लेख आहे. त्याच कलमात मुलाची धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमी विचारात घेण्याचे बंधन आहे. कलम ९ नुसार आई-वडिलांपासून वेगळे राहणाऱ्या मुलाला त्यांच्याशी नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. मुलाच्या हिताला बाधा येत असेल तेवढाच अपवाद. भारताने ही संहिता १९९२ साली स्वीकारली.

मुस्लिम व्यक्तीला कायदेशीर दत्तक घेता येते का, हा प्रश्नही वारंवार विचारला जातो. शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये स्पष्ट केले की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते. मात्र हा मार्ग ऐच्छिक आहे. ज्यांना आपल्या श्रद्धेनुसार दत्तकविधान नको असेल, त्यांच्यासाठी प्रतिपालकत्वाचा मार्ग खुला आहे. परंतु आपल्या समाजात त्याची माहिती फारच थोड्यांना असते.

इस्लामी परंपरेतील आधार

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. जन्मापूर्वीच पित्याचे छत्र हरपले. अरबांच्या प्रथेनुसार बनू साद कबिल्यातील हजरत हलीमा यांनी त्यांना दूध पाजले व वाढविले. त्यानंतर ते आई हजरत आमिना यांच्याकडे परतले. सहाव्या वर्षी आईचेही निधन झाले. पुढे आजोबा अब्दुल मुत्तलिब आणि त्यांच्यानंतर चुलते अबू तालिब यांनी त्यांचा सांभाळ केला. म्हणजे एकाच बालपणात त्यांनी चार घरे पाहिली. यातील कोणतेही नाते पुढच्या नात्याने पुसले नाही. प्रौढ वयात हजरत हलीमा भेटीस आल्या असता प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी आपली चादर अंथरल्याची रिवायत आहे.

हजरत जैद यांचा वृत्तांत या विषयाच्या अधिकच जवळचा आहे. बालपणी पळवून नेऊन विकला गेलेला हा मुलगा प्रेषितांच्या (स.) घरी आला. काही काळाने त्याचे वडील हारिसा आणि चुलते त्याचा शोध घेत मक्केत पोहोचले. प्रेषितांनी (स.) त्यांना परत पाठविले नाही, मुलाला लपविले नाही, की मोबदलाही मागितला नाही. त्यांनी निर्णय जैद यांच्यावर सोपविला. जैद यांनी तेथेच राहणे पसंत केले आणि लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. पुढे सूरह अहजाबमधील आदेश आला की अशा मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने हाक मारावी. तेव्हा ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. नाव पूर्ववत झाले म्हणून प्रेम कमी झाले नाही. आपल्या मुलासारख्या माणसाला त्याचे मूळ नाव परत देणे हा त्याला दूर लोटण्याचा प्रकार नव्हता. तो त्याच्या हक्काचा स्वीकार होता.

हजरत मूसा (अ.) यांची कुरआनातील कथाही येथे आठवते. नदीत सोडलेले बालक फिरऔनच्या घरी पोहोचते, बहीण दुरून त्याच्यावर नजर ठेवते आणि अखेर त्याची स्वतःची आईच दाई म्हणून त्याच्यापाशी येते. सूरह कससमध्ये यामागील हेतू सांगताना आईचे डोळे थंड व्हावेत, तिने दुःख करू नये, असा आशय आला आहे. म्हणजे येथे केवळ मुलाची सुरक्षितता पुरेशी मानलेली नाही. ताटातूट झालेल्या आईचे मनही विचारात घेतले आहे. बहिणीचे पाठीराखेपण हा या कथेतील आणखी एक धागा आहे. भावंडांचे नाते बहुधा सर्वांत जास्त काळ टिकते, आणि आपण त्याचाच सर्वांत कमी विचार करतो.

हनफी फिकहमध्ये लहान मुलाच्या संगोपनाचा, म्हणजे हिजानतचा, पहिला हक्क आईचा व तिच्या अनुपस्थितीत आईच्या आईचा मानला जातो. सीमाभागात नानीच्या घरी वाढणारी असंख्य मुले या जुन्या व्यवस्थेचेच जिवंत उदाहरण आहेत. यतीमाच्या मालमत्तेविषयी सूरह निसामध्ये दिलेले सक्त आदेशही हेच सांगतात की मूल दुसऱ्याच्या छायेत वाढले तरी जन्मघराकडून त्याला मिळणारे त्याचेच राहते. सांभाळणाऱ्याला त्याला काही द्यायचे असल्यास हयातीत बक्षीस देता येते किंवा एक तृतीयांश मर्यादेपर्यंत वसियत करता येते.

कायद्यातील तरतुदी

बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५ च्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. मूल एखाद्या कुटुंबाकडे सोपविण्याचा आदेश जिल्ह्याची बालकल्याण समिती देते. या कलमातील तीन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली, भावंडांना शक्यतो एकाच कुटुंबात ठेवण्याचे सर्व प्रयत्न करावेत. दुसरी, आई-वडील असमर्थ ठरल्यामुळे मूल दुसऱ्या घरी ठेवले असेल तर त्यांना ठरावीक काळाने मुलाला भेटता येते. भेट मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटल्यास तिला तशी कारणे नोंदवावी लागतात. म्हणजे भेट हा नियम आहे आणि भेटबंदी हा अपवाद. तिसरी, आई-वडील पुन्हा समर्थ झाल्याचे समितीने ठरविल्यास मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते. समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करावी, असेही कायदा सांगतो.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत कुटुंबाधारित संगोपनासाठी दरमहा ४,००० रुपये साहाय्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना स्वतंत्रपणे चालते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार विवाहित जोडप्यांबरोबरच ३५ ते ६० वयोगटातील एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते. विधवा, परित्यक्ता अथवा अविवाहित शिक्षिकांसाठी ही महत्त्वाची बाब आहे.

मुलाच्या मनात काय घडते

"आठवण काढत नाही" या वाक्याकडे येथे पुन्हा वळावे लागेल. मूल आठवण काढत नाही याचा अर्थ ते विसरले असा नसतो. बहुतेक वेळा आई हा विषय काढल्यावर सांभाळणाऱ्या बाईचा चेहरा उतरतो, हे मुलाने पाहिलेले असते. ज्या घराच्या आधारावर आपण उभे आहोत त्या घराला दुखवू नये म्हणून ते गप्प बसते. रात्री अंथरूण ओले होणे, ताटातील भाकरी लपवून ठेवणे, क्षुल्लक कारणाने चिडणे, अभ्यासात अचानक मागे पडणे, या रूपांनी ही शांतता कधीकधी बोलते.

ब्रिटनमधील जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने या विषयावर चित्रफितींच्या रूपाने मोलाचे काम केले. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात असताना जॉन नावाच्या सतरा महिन्यांच्या मुलाला नऊ दिवस निवासी शिशुगृहात ठेवले होते. तेथे खाणेपिणे होते, दाया होत्या; परंतु त्या सतत बदलत होत्या. मूल दिवसेंदिवस खचत गेले आणि आई न्यायला आली तेव्हा त्याने तिलाच झिडकारले. याउलट रॉबर्टसन दांपत्याने अशाच परिस्थितीतील चार मुले एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळली. मूल येण्याआधी त्यांनी त्याच्या घरी ओळख करून घेतली. त्याचे खाणे, झोपण्याची सवय आणि नेहमीचे शब्द समजून घेतले. घरचे अंथरूण, खेळणी आणि आईचे छायाचित्र सोबत ठेवले. वडिलांच्या भेटी चालू ठेवल्या आणि आईविषयी रोज बोलणे केले. ही मुलेही व्याकूळ झाली. पण ती मोडली नाहीत, आणि आईकडे परतल्यावर नाते पुन्हा जुळले. फरक प्रामुख्याने दोन गोष्टींचा होता : सांभाळणारे माणूस एकच आणि कायम होते, आणि आईचा विषय घरात जिवंत ठेवला गेला होता.

नव्या घरी जीव लागला की जुन्या घरचा जीव उडतो, या समजुतीलाही अभ्यासाचा आधार नाही. शाफर आणि इमर्सन यांनी ग्लासगो शहरातील ६० बालकांचे निरीक्षण करून १९६४ मध्ये निष्कर्ष मांडले. दीड वर्षाच्या आतच बहुतेक बालकांचा जीव एकाहून अधिक माणसांवर जडलेला त्यांना आढळला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही हे वेगळे सांगण्याची गरज नाही. नानी, खाला, फुफी आणि आई यांच्यात मूल प्रेमाची वाटणी करीत नाही. प्रत्येकीला ते वेगळे देते.

अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी आणखी एका दुःखाकडे लक्ष वेधले. मृत्यूचे दुःख निश्चित असते. त्याला दफन आहे, दुआ आहे, भेटायला येणारी माणसे आहेत. परंतु माणूस जिवंत आहे आणि जवळ नाही, येईल की नाही हे ठाऊक नाही, या स्थितीतील दुःखाला असा शेवट नसतो. आई कागलला आहे, ती बरी होणार का, आपल्याला न्यायला येणार का, या प्रश्नांची उत्तरे मुलीला कोणी देत नाही. मग मूल स्वतःच उत्तर तयार करते आणि ते उत्तर बहुधा "माझीच काहीतरी चूक झाली असेल" असे असते. म्हणूनच खरी माहिती, वयाला झेपेल अशा शब्दांत, वेळोवेळी सांगत राहणे हा उपचाराचाच भाग आहे.

सीमाभागातील विशेष अडचणी

निपाणीपासून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरवर, तर जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. नातीगोती कागल, गडहिंग्लज, इचलकरंजीपर्यंत पसरलेली आहेत; परंतु बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण अधिकारी आणि बालमंदिर ही व्यवस्था बेळगावात आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आखली गेलेली रेषा शासकीय कागदांवर ठळक असली तरी नात्यांत कधी उतरली नाही. तिचा त्रास मात्र मुलांना होतो.

पहिली अडचण अधिकारक्षेत्राची. मूल कर्नाटकात आणि आई महाराष्ट्रात असल्यास गृहभेटीचा अहवाल दुसऱ्या राज्यातून मागवावा लागतो. कायद्यात मुलाला त्याच्या मूळ ठिकाणच्या समितीकडे वर्ग करण्याची सोय आहे. पण दोन राज्यांतील आणि दोन भाषांतील पत्रव्यवहाराला वेळ लागतो. या वेळात भेटी थांबल्या तर नाते झिजते.

दुसरी अडचण प्रवासखर्चाची. जून २०२३ पासून कर्नाटकातील रहिवासी महिलांना शक्ती योजनेत राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या भाड्यात निम्मी सवलत मिळू लागली. निपाणीची आई बेळगावला मोफत पोहोचते. कागलला कायमची राहायला गेलेल्या आणि तेथील आधार कार्ड असलेल्या आईला मात्र शक्ती योजना लागू होत नाही. रोजंदारी बुडवून भाडे भरणाऱ्या आईची भेट टळली, तर तिला मुलाची माया नाही असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हा हिशेब पाहिला पाहिजे.

तिसरी अडचण सीमा बंद होण्याची. २०२१ मध्ये कोविडच्या काळात कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआर तपासणीचा अहवाल मागितला जात होता. वीस-पंचवीस किलोमीटरवरचे माणूस त्या काळात परदेशी असल्यासारखे झाले. अशा वेळी फोन आणि व्हिडिओ कॉल हाच आधार असतो. तो आधार आयत्या वेळी उभा राहत नाही. त्याची सवय आधीपासून असावी लागते.

चौथी आणि सर्वांत खोल अडचण भाषेची. निपाणी परिसरातील मुस्लिम घरांत दखनी उर्दू आणि मराठी सहज बोलली जाते. मूल बेळगावात कन्नड माध्यमाच्या शाळेत गेले आणि घरातही तीच भाषा ऐकू लागले, तर दोन-तीन वर्षांत आईशी बोलताना त्याला शब्द सापडेनासे होतात. कन्नड शिकणे मुलाच्या हिताचेच आहे. प्रश्न कन्नड शिकण्याचा नसून घरची भाषा सुटण्याचा आहे. भेटीला आलेल्या आईसमोर मूल मुके बसले, तर ती भेट दोघांनाही नकोशी होते.

नाते टिकविण्याचे उपाय

भेटीचा दिवस ठरलेला असावा. "आई कधीतरी येईल" यापेक्षा "महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येईल" हे मुलाला पेलते. दिनदर्शिकेवर खूण करावी. आई येऊ शकली नाही तर कारण खरे सांगावे आणि त्या दिवशी निदान फोन घडवून आणावा. भेटीत मोठ्यांनी मुलासमोर पैशाच्या, औषधाच्या अथवा कोर्टाच्या गोष्टी काढू नयेत. आईने मुलाचे केस विंचरावेत, त्याला घास भरवावा, त्याची वही पाहावी. बोलण्यापेक्षा अशा कृतींतून नाते अधिक टिकते.

भेटीनंतर मूल रडते, जेवत नाही, उद्धट वागते. यावरून "भेटीने मूल बिघडते, भेटी बंद कराव्यात" असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वास्तविक हे रडणे निरोपाचे असते आणि नाते जिवंत असल्याची ती खूण असते. त्या संध्याकाळी मुलाला उपदेश न करता जवळ घ्यावे. त्रास अनेक भेटींनंतरही वाढतच असेल, भेटीपूर्वीच मूल घाबरत असेल, तर मात्र कारण शोधावे व समितीला कळवावे.

मुलाची एक आठवणींची वही असावी. तीत जन्मतारीख, जन्मगाव, अकीक्याची आठवण, नाव कोणी ठेवले, आई-वडील कोठे काम करीत, जुन्या घराजवळची मशीद व शाळा, घर का सोडावे लागले, हे सारे साध्या शब्दांत लिहावे. आपल्याकडे वंशाचा शजरा लिहून ठेवण्याची परंपरा आहेच. याच शजऱ्यात मुलाच्या दोन्ही घरांची माणसे दाखवावीत. प्रत्येक वर्षी एखादे छायाचित्र व चार ओळी वाढवाव्यात. पुढे "मी कोण" हा प्रश्न पडेल तेव्हा या वहीतून त्याला उत्तर मिळेल.

आईच्या हातची चव, आईचा जुना दुपट्टा, तिच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेली झोपतानाची दुआ, अशा वस्तू फेकून देऊ नयेत. ईदचा एक दिवस जन्मघरच्या माणसांसाठी राखावा. दूर असलेल्या भावंडांनी रमजानमध्ये निदान एक इफ्तार एकत्र करावा. आई-वडील हयात नसतील तर मुलाला त्यांच्यासाठी दुआ करायला शिकवावे आणि रिवाज असेल तेथे शब-ए-बरातला कब्रस्तानात न्यावे. कबर कोठे आहे हे ठाऊक असणे हाही एक आधार असतो.

आई-वडिलांची निंदा मुलासमोर करू नये. वडील दारूच्या आहारी गेले असतील किंवा हिंडलग्याच्या कारागृहात असतील, तरी "तुझा बाप तसलाच" हे वाक्य मूल स्वतःवर ओढून घेते. वागणे चुकीचे होते असे सांगता येते. माणूस टाकाऊ आहे असे सांगू नये.

जेथे भेट धोक्याची असते

प्रत्येक जन्मघर सुरक्षित नसते. मारहाण, लैंगिक अत्याचार, बालविवाहाचा अथवा मुलाला कामाला जुंपण्याचा प्रयत्न झालेला असेल तर नाते टिकविण्याच्या नावाखाली मुलाला पुन्हा त्या हातांत देणे हा अपराध ठरेल. अशा वेळी भेट बंद ठेवावी की देखरेखीखाली घ्यावी हा निर्णय समितीचा असतो; प्रतिपालकांनी अथवा शिक्षकांनी तो परस्पर घेऊ नये. प्रत्यक्ष भेट शक्य नसली तरी नाते सर्वस्वी तुटत नाही. नानी, फुफी किंवा मोठा भाऊ यांच्यापैकी सुरक्षित माणूस शोधता येतो, आणि आठवणींची वही तर नेहमीच लिहिता येते. मुलाची इच्छा विचारावी. परंतु "तुला आई हवी की आम्ही" असा प्रश्न कधीही करू नये.

प्राध्यापकांची भूमिका

हा विषय समाजकार्य विभागापुरता मर्यादित नाही. महाविद्यालयाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण स्वतः मामा-चुलत्यांकडे वाढलेले असतात, तर काहीजण धाकट्या भावंडांचे पालक बनलेले असतात. कम्युनिटी कॉलेजच्या कौशल्य अभ्यासक्रमांना तर प्रौढ स्त्रियाही येतात. त्यांच्यापैकी कोणी उद्या प्रतिपालक होऊ शकते.

पहिले काम प्रवेश अर्जाचे. नातेवाईक मुलाला शाळेत घालताना प्रेमापोटी किंवा सोय म्हणून वडिलांच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहितात. तेच नाव दाखल्यावर आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर जाते. पुढे जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पासपोर्ट आणि वडिलांच्या मालमत्तेतील हिस्सा या प्रत्येक ठिकाणी मूल अडते. सीमाभागात मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी लिप्यांतील वेगवेगळ्या लेखनाने गोंधळ आणखी वाढतो. अर्जात वडील, आई आणि पालक असे तीन स्वतंत्र रकाने असावेत व ते खरेच भरले जावेत. सूरह अहजाबचा आदेश पाळण्याची ही सर्वांत सोपी जागा आहे.

दुसरे काम वर्गातील बोलण्याचे. "माझे कुटुंब" सारख्या विषयावर निबंध देताना "ज्यांनी मला वाढविले" असा पर्याय ठेवावा. पालकसभेला कोणी यावे हे विद्यार्थ्याने ठरवावे. दोन्ही घरची माणसे आली तर दोघांनाही खुर्ची द्यावी.

तिसरे काम गुप्ततेचे. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करणे गुन्हा आहे. मदतवाटपाच्या कार्यक्रमात यतीम मुलांना रांगेत उभे करून छायाचित्रे छापण्याची पद्धत कायद्याला आणि सभ्यतेलाही धरून नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही नाव, गाव, शाळा बदलून लिहिण्याची शिस्त असावी.

चौथे काम माहितीचे. अनौपचारिकपणे दुसऱ्याचे मूल सांभाळणाऱ्या घरांना बालकल्याण समिती, मिशन वात्सल्य आणि १०९८ या मदतक्रमांकाची माहिती नसते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी वखारींच्या व उसाच्या गावांत मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषांतील एक पानी पत्रक नेले तरी मोठे काम होईल.

पाचवे काम अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे. प्रतिपालकत्व कायद्याने अठराव्या वर्षी संपते आणि नेमक्या याच वयात तो महाविद्यालयात येतो. याच सुमारास अनेकजण आई-वडिलांचा शोध घेऊ लागतात. हा शोध कृतघ्नपणा नव्हे, हे विद्यार्थ्याला आणि त्याला वाढविणाऱ्या घरालाही समजावून सांगणारा एक विश्वासू शिक्षक असणे फार गरजेचे असते.

समारोप

मूल सांभाळणाऱ्या स्त्रीच्या मनात एक भीती घर करून असते : इतके केले आणि शेवटी ते त्यांच्याकडेच गेले तर? ही भीती खरी आहे. तिची थट्टा करू नये. परंतु हजरत हलीमा यांनी मूल आईकडे परत दिले आणि त्यामुळे त्यांचे नाते संपले नाही. ज्या घराने आपल्याला आईची आठवण काढू दिली, त्या घराशी मूल मनाने बांधलेले राहते. ज्या घरात आईचे नाव घेता येत नव्हते, तेथून मोठेपणी बाहेर पडताना ते पुष्कळदा दोन्ही घरे गमावून बसते.

नऊ वर्षांची ती मुलगी बेळगावात रुळली असेल, तर तिचे कौतुकच करावे. मात्र तिच्या दप्तरात आईचे छायाचित्र असावे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुसऱ्या रविवारी खूण असावी, धाकट्या भावाशी आठवड्यातून एकदा तिने दखनीत भांडावे आणि शाळेच्या दाखल्यावर तिच्या वडिलांचे नाव असावे. एवढे झाले तर तिची किफालत खऱ्या अर्थाने पूर्ण झाली असे म्हणता येईल.